मदत हवी आहे: काटोलच्या बागेतला जुना एक-सिलेंडर आयशर या हिवाळ्यात सुरू करायचाय

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. नागपुरात मानेवाड्याला राहतो, नोकरी खुर्चीवरची. पाना हातात येतो तो मुलीच्या सायकलपुरता. पण दिवाळीनंतर काटोलकडच्या बागेतून आजोबांचा ट्रॅक्टर घरी आणलाय आणि रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यापुढे नुसता उभा राहतो. जाणकारांनी हात द्यावा.

ट्रॅक्टर आयशरचा, एक सिलेंडर, एअर-कूल्ड. म्हणजे रेडिएटरची भानगडच नाही. आरसी बुकात साल 1979. आमची संत्र्याची झाडं जुन्या पद्धतीनं वीस बाय वीस फुटांवर लावलेली, मोठा ट्रॅक्टर घातला की खालच्या फांद्या मोडतात. म्हणून आजोबांनी हा छोटा घेतला होता. त्यांच्यामागं काही वर्षं बाबांनी चालवला, पुढं भाड्याचा ट्रॅक्टर स्वस्त पडू लागला, आणि हा विहिरीजवळ निंबाखाली उभा राहिला तो राहिलाच. बारा वर्षं. आणताना बांधाला ट्रक लावून चेनपुलीनं ओढून चढवला. ट्रकही आयशरचाच, त्यामुळे गावात दोन दिवस तोच विनोद चालला.

आता खरी गोष्ट. याचा सायलेन्सर उभा आहे. आजोबा ट्रॅक्टर लावला की त्यावर डालड्याचा डबा पालथा घालायचे, न चुकता. तो डबा मधल्या काळात कुणी तरी नेला. त्यानंतर किती पावसाळे थेट सायलेन्सरमध्ये पडले देव जाणे. इंजिन जाम आहे. स्टार्टर मोटर काढून फ्लायव्हीलच्या (इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकाच्या) दात्यांना पहार लावून पाहिली, सुतभरही हलत नाही.

बाकीची हालत: ब्लोअरच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पंख्याच्या) पत्र्याच्या आवरणात खारीचं घरटं निघालं, सिलेंडरच्या पाकळ्या काथ्यानं आणि वाळक्या सालींनी गच्च. टूलबॉक्समध्ये गांधीलमाश्या (होत्या. माझा डावा कान साक्षीला आहे). डिझेलच्या टाकीत गंज, हलवली की खुळखुळते. मागचे टायर 12.4-28, बाजूच्या भेगांत बोट जातं. पुढचे 6.00-16 आश्चर्य म्हणजे हवा धरून आहेत. गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट सोडला तर आधी पाणी आलं, मग दुधाळ तेल.

वाडीकडच्या एका गॅरेजवाल्याला दाखवला. ते म्हणाले, दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून गिअरमध्ये ओढा, सुटतो. दुसरे म्हणाले भंगारात द्या, लोखंडाचा भाव बरा आहे. ते ऐकून बाबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

तर विचारायचं हे, की जाम पिस्टन न तोडता कसा सोडवायचा? साखळीनं ओढणं बरोबर का? आणि टाकी नवी करावी की हीच साफ होईल? वेळ माझ्याकडे फेब्रुवारीपर्यंतच आहे. मागच्या अंगणात सावली नाही आणि नागपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मार्चनंतर दुपारी त्या बॉनेटवर पोळी भाजता येईल.

रंगाचा वाद वेगळाच. बाबांना तो नव्यासारखा चकाचक लाल हवा. मला वाटतं, ऊन खाऊन विटेसारखा झालेला रंग तसाच ठेवावा, फक्त गंज थांबवावा. बॅटरीच्या पेटीखाली ऊन न लागलेला गडद लाल पट्टा सापडलाय, तो पाहिल्यापासून मीही डळमळलोय.

लेथवाला_हिंगणा

भाऊ, साखळी बांधून ओढू नका. कोणी कितीही छाती ठोकून सांगो. जाम इंजिनावर दीड-दोन टनाचा धक्का बसला की कनेक्टिंग रॉड वाकतो, मग खरंच भंगार.

तुमच्या इंजिनात काय झालं असेल ते सांगतो. उभं राहताना एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल, तर सायलेन्सरचं पाणी सरळ सिलेंडरमध्ये उतरलं आणि पिस्टनच्या रिंगा गंजून सिलेंडरच्या भिंतीला धरल्या. व्हॉल्व्ह बंद असेल तर गंज वरच थांबलेला असतो. म्हणून आधी रॉकर कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) काढा आणि कोणता व्हॉल्व्ह दबलेला आहे ते बघा. व्हॉल्व्ह स्वतःच गाईडमध्ये (त्याच्या नळीत) अडकलेला असू शकतो, तोही बघा. अडकलेल्या व्हॉल्व्हवर जोर लावला की पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारी दांडी) वाकतो.

मग इंजेक्टर (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतो तो) काढा. नळीची तोंडं लगेच प्लास्टिकनं बांधा, डिझेलच्या पंपात धूळ गेली तर नवं दुखणं. त्या भोकातून पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल आणि डिझेल निम्मं-निम्मं करून पेलाभर ओता आणि आठ दिवस विसरून जा. रोज थोडं टाकत राहा. नंतर पहार लावायची, पण दोन्ही बाजूंनी, थोडी पुढे थोडी मागे. जोरानं एकाच दिशेला नाही. सुतभर हलला की थांबा, परत तेल.

इतकं करूनही नाही सुटला तर घाबरू नका, एअर-कूल्डचा फायदा इथेच आहे. हेड काढलं की सिलेंडर क्रँककेसवरून वेगळा उचलता येतो, पूर्ण ब्लॉक काढावा लागत नाही. घेऊन या, बोअर (सिलेंडरच्या आतला व्यास) मोजून सांगतो. इंजेक्टर परत बसवताना खालचा तांब्याचा वॉशर मात्र नवा घाला.

गांधीबागचा_काका

लेथवाल्यांनी नेमकं सांगितलं. मी टाकीचं सांगतो, तीन टाक्या केल्यात. डिझेल काढा, गरम पाणी आणि कपड्याच्या साबणानं दोनदा धुवा. मग मूठ-दोन मूठ छोटे नट-बोल्ट आत टाका, टाकी गोधडीत गुंडाळून हलवत राहा. मुलांना रविवारचं काम द्या, आनंदानं करतात. त्यानंतर सायट्रिक अॅसिड, म्हणजे आपलं लिंबूफूल, गरम पाण्यात घालून रात्रभर भरून ठेवा. सकाळी काळं पाणी येईल. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं, उन्हात कोरडी करायची आणि आतून डिझेल फिरवायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत परत तांबूस होते. गळती असली तरी धुतल्या टाकीलासुद्धा तशीच वेल्डिंग करू देऊ नका. आतल्या वाफेचा भडका होतो.

छोट्या गंजक्या वस्तूंना धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जरवालं इलेक्ट्रोलिसिस उत्तम. चार्जरच्या धन (+) टोकाला लावायला इतवारीत लोहा ओळीतून साध्या लोखंडाची पट्टी घ्या. स्टेनलेस स्टीलची वापरू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी पाणी होतं.

आणखी एक, इतक्या जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ब्रेक-क्लचच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस. कोरडं घासायचं नाही, ब्रेकचा भुसा कॉम्प्रेसरनं उडवायचा नाही. ओलं करून पुसायचं, तोंडाला चांगला मास्क. अंगणात मुलं खेळतात ना?

रंगाबद्दल माझं मत तुमच्या बाबांच्या बाजूनं. ट्रॅक्टर त्यांनी चालवलाय.

मूळ धागाकर्ता

दोघांचे आभार. अकरा दिवसांनी लिहितोय.

रॉकर कव्हर उघडलं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडाच होता, अगदी थोडा. लेथवाले भाऊ, तुम्ही इथे उभे राहून बघितल्यासारखं सांगितलंत. लाल तेल रोज टाकत गेलो. नवव्या दिवशी बाबा म्हणाले आण ती पहार. मी दाबली, ते कान लावून बसले. काही झालं नाही. उलट बाजूनं दाबली तर आतून कुरकुर आली आणि फ्लायव्हीलचे तीन दात सरकले. तीन! बाबांनी लगेच माझ्या काकाला फोन लावला.

काल पूर्ण फेरा झाला. हेड तरीही काढून बघणार आहे, सिलेंडरच्या भिंतीला ओरखडे असतीलच. टाकी गोधडीत आहे.

लेथवाला_हिंगणा

फेरा झाला म्हणून हुरळून स्टार्टर मारू नका. एक राहिलं होतं सांगायचं. बारा वर्षं बंद पंपात आतली रॅक (किती डिझेल सोडायचं ते ठरवणारी पट्टी) गंजून अडकते. ती फुल डिझेलवर अडकलेली असली तर इंजिन सुरू होताच पळत सुटतं आणि लिव्हर ओढून थांबत नाही. त्यामुळे पंप आधी कॅलिब्रेशनवाल्याकडे (डिझेल पंप तपासून जुळवून देणाऱ्याकडे) नेऊन तपासा, नोझलही तिथेच दाबून बघतील. तरीसुद्धा पहिल्या स्टार्टला एअर क्लीनर काढून ठेवा आणि एक माणूस हातात जाड फळी घेऊन हवेच्या तोंडाशी उभा करा. पळाला की फळी तोंडावर घट्ट दाबायची, हवा तुटली की बंद पडतो. हात किंवा फडकं लावायचं नाही, ओढून घेतं.

ब्लोअरचं पत्र्याचं आवरण बसवल्याशिवाय दोन मिनिटंसुद्धा चालवू नका. ते नसेल तर वारा पाकळ्यांवर जात नाही, सिलेंडर तापून परत धरेल. गिअरबॉक्सचं तेल दोनदा बदला. पहिलं स्वस्तातलं, नुसतं धुवायला.

वऱ्हाडी_पाहुणा

मी फक्त वाचून राहिलो होतो, पण विचारतोच. रस्त्यावर काढणार का? नोंदणीची पंधरा वर्षं केव्हाच संपली असतील. शेतीचा ट्रॅक्टर नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये येतो, फिटनेस दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागते. बागेतच फिरवायचा असन तर गोष्ट वेगळी. अन् त्या सायलेन्सरवर आता डबा घातला का नाही?

मूळ धागाकर्ता

घातला. डालड्याचा मिळाला नाही, मुलीच्या बोर्नव्हिटाचा रिकामा डबा आहे. बागेतच फिरवायचा आहे, रस्त्यावर नाही. पंप सोमवारी हिंगण्याला नेतोय. फळी धरायला बाबा तयार आहेत, पण त्यांना फळीपेक्षा सीटवर बसायचंय, त्यामुळे फळी बहुतेक माझ्याकडे येईल.