स्टॅनफर्डच्या आधीचं सोनार
‘प्राध्यापक नुसते पेपर छापतात, यंत्राला हात लावत नाहीत’ असं बरेचदा म्हटलं जातं, पण ते निदान स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक आरोग्यस्वामी पॉलराज यांना लागू होत नाही. मायमोचं (म्हणजे अनेक अँटेना वापरून वायरलेसवर डेटा पाठवायच्या तंत्राचं) १९९४ चं पेटंट आणि २०१४ चं मार्कोनी पारितोषिक त्यांच्या नावावर आहे, पण स्टॅनफर्डआधी ते नौदलात होते आणि कोचीत त्यांच्या नेतृत्वाखाली ॲप्सोह हे युद्धनौकांचं सोनार, म्हणजे आवाजाच्या मदतीने पाण्यातल्या वस्तू शोधणारं यंत्र, तयार झालं. पाण्यात आवाज तळावर, पृष्ठभागावर आपटून अनेक वाटांनी येतो. तो बऱ्याच हायड्रोफोनवर (पाण्यातल्या मायक्रोफोनवर) पकडून वेगळा करायचा. पुढे मायमोत हायड्रोफोनच्या जागी अँटेना आल्या, आणि डोकेदुखी समजली जाणारी परावर्तनं एकाच वेळी वेगवेगळा डेटा पाठवायला कामी आली.

रत्नागिरीत मिरकरवाड्याला कुठल्याही ट्रॉलरवर चढून फिश फाइंडर बघा, तेही एक छोटं सोनारच. आमच्यासारख्याला पडद्यावर नुसते रंगीत डाग दिसतात. तांडेल (बोटीचा प्रमुख) मात्र खडक कुठला नि बांगड्याचा थवा कुठला ते चहा पिता पिता सांगतो.