मदत हवी आहे: आभाळातल्या दिव्यांबद्दल पोलिसांत जबाब कसा द्यावा?

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात आमचं शेत आहे. मागच्या शनिवारी मळ्यात भरीत पार्टी होती, दहा-बारा जण. अंधार पडल्यावर कापसाच्या काड्या पेटवून वांगी भाजायला घातली. धूर डोळ्यात गेला म्हणून आबांनी तोंड वर केलं ते तसंच राहिलं. "हाई काय शे रे भो?"

धुळ्याच्या अंगाने दिवे येत होते. दोरीत ओवल्यासारखे, एकामागे एक. मी तेवीस मोजले, मेहुणे म्हणतात तीसच्या वर. आवाज नाही, लुकलुक नाही. डोक्यावरून जरा पुढे, सातपुड्याकडे सरकले आणि पहिला विझला. मग दुसरा नेमका त्याच जागी येऊन विझला, मग तिसरा. तिथे कोणी फुंकर मारायला बसलंय जणू. तोवर वांग्यांची एक बाजू पार कोळसा.

पुतण्याने व्हिडिओ स्टेटसला ठेवला आणि घोळ झाला. सकाळपर्यंत गावात ड्रोनवाल्या चोरांची टोळी आलेली होती. चार रात्री पोरं काठ्या घेऊन जागली. मग पोलीस पाटील निरोप घेऊन आले, चौकशी लागली आहे, आबांना जबाबाला बोलावलंय.

गेलो तर जमादारांनी आधीच लिहून ठेवलेलं: "अंदाजे चाळीस ड्रोन कमी उंचीवरून उडताना पाहिले." आबा म्हणाले, ड्रोन मी लग्नात पाहिलाय, हे ते नव्हतं. "मग काय होतं?" आबा गप्प. सही केली नाही. परवा पुन्हा जायचंय. आता आबा वैतागून म्हणतात, तारे तुटत होते असं लिहा आणि मोकळं करा.

जे काय होतं तेच माहीत नाही, तर जबाबात लिहायचं काय? ड्रोन लिहिलं तर उद्या एखादा फिरता चादरवाला गावात मार खाईल, ही मला खरी भीती आहे.

प्रतिसाद १

दादा, दिसलं तेवढंच सांगा, वाटलं ते नको. "ड्रोन" हा निष्कर्ष आहे, "तारे तुटले" हासुद्धा. अमेरिकेच्या हवाई दलाने १९४७ ते १९६९ या काळात अशी १२,६१८ प्रकरणं गोळा केली, त्यातली ७०१ शेवटपर्यंत उलगडली नाहीत. त्यांच्या प्रश्नावलीत साक्षीदाराला काय विचारत, तर हात लांब करून धरलेल्या टाचणीच्या डोक्याएवढं होतं की वाटाण्याएवढं? कारण अंधारात उंची आणि अंतर कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या जमादारांचं "कमी उंचीवरून" तिथेच निकालात निघतं.

आता माझा अंदाज. त्याच जागी एकेक विझणं ही स्टारलिंकची, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांची, खूण आहे. रॉकेटने नुकते सोडलेले उपग्रह काही दिवस रांगेत फिरतात. आपल्याकडे अंधार झाला तरी शेकडो किलोमीटर वर त्यांच्यावर ऊन पडत असतं. पृथ्वीच्या सावलीत जो शिरला तो दिसेनासा होतो, मागचाही तिथेच. पण जबाबात हेही लिहू नका. वेळ आणि दिशा पक्की द्या, ताळा त्यांना करू द्या. हेवन्स-अबव्ह या साइटवर तारीख आणि ठिकाण टाकून तुम्हीही बघू शकता, जमलं तर त्याची प्रिंट जोडा.

दिशेसाठी एक युक्ती: हात ताणून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. आबांना त्याच चुलीपाशी उभं करून मोजा.

प्रतिसाद २

२०२२च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी राज्यात ठिकठिकाणी जळत जाणारे गोळे दिसले होते, ते वेगळं. ते चिनी रॉकेटचे अवशेष होते. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं, ते बघायला इस्रोची माणसं आली. तुमच्याकडे काही पडलेलं नाही, हे जबाबात आवर्जून येऊ द्या. आणि वाचून दाखवल्याशिवाय सही नको.

धागाकर्ता

दोघांचे आभार. काल अंधारात आबांना चुलीपाशी उभं केलं. विहिरीजवळच्या निंबाच्या दिशेला, क्षितिजापासून सहा मुठी वर. पुतण्याच्या व्हिडिओची वेळ ६.५२ निघाली. साइटवर त्याच वेळेला स्टारलिंकची रांग दाखवतेय. आज दोन्ही कागद घेऊन गेलो. जमादारांनी जुना जबाब फाडला नाही, पण नवा लिहून घेतला, वाचूनही दाखवला. शेवटी विचारलं, "आबा, पार्टीत अजून काय काय होतं?"

आबा म्हणाले, "कळण्याच्या पुऱ्या."