'दुएन्या'ला मराठीत काय म्हणाल?

खडीसाखर :
सर्व्हान्तेसच्या 'दोन किहोते' (म्हणजे आपला डॉन क्विक्झोट) या कादंबरीचा दुसरा भाग (१६१५) मूळ स्पॅनिशवरून मराठीत आणतेय. एकतिसाव्या प्रकरणात 'दुएन्या' आली आणि गाडं अडलं. आजच्या स्पॅनिशमध्ये याचा अर्थ मालकीण. इथे मात्र ती सरदाराघरची प्रौढ, बहुतेक विधवा बाई. डोक्यावर लांब पांढरं वस्त्र, मालकिणीच्या मागेपुढे राहायचं, घरातल्या पोरींवर डोळा ठेवायचा. नोकरच, पण स्वतःला नोकर समजत नाही. मी 'सोबतीण' लिहिलं होतं, संपादकबाईंनी सरसकट 'पाठराखीण' करून पाठवलंय.
प्रसंग असा. ड्यूकच्या वाड्यात पाय ठेवताच किहोतेचा सेवक सांचो तिथल्या दुएन्याला, दोन्या रोद्रिगेसला, गाठून सांगतो, दारात माझं गाढव आहे, तेवढं तबेल्यात न्या, बिचारं एकटं राहायला घाबरतं. ती भडकते. हा वर लान्सलॉट नावाच्या सरदाराच्या पोवाड्याचा दाखला देतो : त्याची बडदास्त थोर स्त्रिया ठेवायच्या आणि घोड्याची दुएन्या. मग गोष्ट तिच्या वयावर जाते आणि ती त्याला 'लसूण खाऊन माजलेला लुच्चा' म्हणते. 'पाठराखीण' लिहिलं तर बाई एवढी का पेटली हे वाचकाला कळेल का?

माजघर :
संपादकबाईंचं अगदीच काही चुकलं नाही. नव्या नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. नवरीला धीर द्यायचा आणि सासरच्यांचं पाणी जोखायचं. आमची आजी अशी मावसबहिणीबरोबर निपाणीला गेली होती. पहिल्याच पंगतीत तूप वाढायला हात आखडला म्हणून जी रुसली ती परत येईपर्यंत. तिला कुणी गाढव बांधायला सांगितलं असतं तर सोयरीक मोडली असती!

खडीसाखर :
आजी झकास. पण पाठराखीण चार दिवसांनी घरी परतते. ही जन्माची तिथेच.

मोडीवाला :
संस्कृत नाटकात अंतःपुराचा म्हातारा रखवालदार असतो, कंचुकी. त्याचं स्त्रीलिंग करा, 'कंचुकिनी'. दुएन्याचं मूळ लॅटिन 'दोमिना', म्हणजे घरची स्वामिनी. 'दोमुस' म्हणजे घर, आणि वेदातलं 'दम' म्हणजेही घर, ज्यावरून आपलं 'दंपती'. शब्द मुळात आपल्याच गोतावळ्यातला असताना उसनवारी कशाला?

उंटावरचा शहाणा :
"कंचुकिनीबाई, जरा गाढव बांधता का?" हे सांचोच्या तोंडी? तो खेडवळ गडी, म्हणींशिवाय तोंड उघडत नाही. शिवाय निम्मे वाचक कंचुकी म्हणजे चोळी समजतील.

मोडीवाला :
वाचकाला कळत नाही म्हणून शब्द टाकत गेलो तर मराठी उरेल किती? 'ड्यूक' चालतो, 'कंचुकी' तेवढी टोचते!

तिरफळ :
आमच्या गोंयात या, शब्द तयार आहे. पोर्तुगीज 'आइया' म्हणजे थोरामोठ्यांच्या घरी मुलांना सांभाळणारी बाई. तीच आपली 'आया'. आणि दोमिनाचंच पोर्तुगीज रूप 'दोना', पणजीजवळच्या दोना पावलातली. म्हणजे मालकीणही आपल्याकडे आहे आणि दुएन्याही.

माजघर :
आया म्हटलं की मला बालवाडीत शेंबूड पुसणारी बाई दिसते. मानाचा शब्द राहिलाय कुठे तो?

उंटावरचा शहाणा :
सगळे उगाच सोज्ज्वळ शब्द शोधताय. सरळ 'कुंटीण' म्हणा. याच सर्व्हान्तेसच्या १६१३च्या कथासंग्रहात तो संशयी म्हातारा कारिसालेस आहे ना. कोवळ्या बायकोला घरात कोंडतो, रस्त्याकडच्या खिडक्या बंद करतो, घरात बोका किंवा कुत्रासुद्धा नर नको म्हणतो. राखणीला ठेवतो मारियालोन्सो नावाची दुएन्या, आणि तीच गाणाऱ्या छेलबटावाला आत घेऊन पोरीला त्याच्या हवाली करते. त्याच काळातला लेखक केवेदो तर या बायकांना नरकातले बेडूक म्हणतो, चिखलात बसून सूर ना ताल अखंड डरांव डरांव.

खडीसाखर :
तो सूर त्या काळी सगळ्यांचाच होता. सांचोही तोलेदोच्या एका औषधविक्याचं मत ऐकवतो, जिथे दुएन्या नाक खुपसतात तिथे काही बरं घडत नाही. पण कुंटीण लिहिलं की अठ्ठेचाळिसावं प्रकरण मेलं. रात्री दोन्या रोद्रिगेस किहोतेच्या खोलीत येते. नाकावर मोठाला चष्मा, हातात अर्धी मेणबत्ती. हा पिवळ्या साटिनची रजई गुंडाळून पलंगावर उभा, मांजरांनी ओरबाडलेल्या तोंडाला आणि मिशांना पट्ट्या. तिला तो भूत वाटतो, त्याला ती. हातातली मेणबत्ती पडते, अंधार होतो. मग दोघं एकमेकांना विचारतात, माझ्या अब्रूला तुमच्यापासून धोका नाही ना? यापुढे बाई आपलं गाऱ्हाणं सांगते : मुलीला एका श्रीमंत शेतकऱ्याच्या पोराने फसवलंय आणि ड्यूक कानावर घेत नाही, कारण त्या शेतकऱ्याकडून तो पैसे उसने घेतो. हसता हसता घास अडकतो. कुंटिणीसाठी कोण हळहळेल?

चिंचगूळ :
मग 'सोवळ्या आत्याबाई' का नाही? घरोघरी असायच्या. आलवणातल्या, दुसऱ्याच्या घरात जन्म काढलेल्या, सगळ्यांवर डाफरणाऱ्या, आणि मागे सगळे त्यांच्या नकला करणार.

माजघर :
नको गं. त्या नकलांचं आज हसू येत नाही. केशवपन झालेली बाई मनात आली की विनोद संपला. तिकडची विधवा केस राखून होती, डोक्यावरच्या वस्त्राचा मान होता. डचेसच म्हणते ना, ही अजून तरुण आहे, ते वस्त्र मानासाठी आणि रिवाजाखातर, वयामुळे नाही.

चिंचगूळ :
मान कसला? वेलास्केसच्या 'लास मेनिनास' या चित्रात (१६५६) उजवीकडे मागे सावलीत उभी आहे बघा, मार्सेला दे उयोआ. जोगिणीसारखं डोकं झाकलेलं, राजकन्येकडे लक्ष नाही, शेजारच्या माणसाशी कुजबूज चाललीय. तिथेही आत्याबाईच.

बोरकूट :
एवढं डोकं कशाला पिकवताय? 'बाई' म्हणा. अहिल्याबाईतली बाई तीच आणि "आज बाई आली नाही, भांडी पडलीत" यातली बाईही तीच. दुएन्याचं नेमकं हेच झालंय : दोमिना घसरत घसरत नोकर झाली, पण तोरा स्वामिनीचा. सांचो तिला दुसरी बाई समजतो, ती स्वतःला पहिली. भांडण एका शब्दात उभं राहतं.

मोडीवाला :
'बाई' फार सरधोपट होतं. मूळ शब्दाला एक भारदस्तपणा आहे.

उंटावरचा शहाणा :
भारदस्तपणा? त्याच पुस्तकात बारा दुएन्या दोन रांगांत येतात, तोंडावरचे पडदे वर करतात तर सगळ्यांना दाढ्या! पांढऱ्या, काळ्या, पिंगट. त्यांची म्होरकी, 'सर्वांत दुःखी दुएन्या', निघतो ड्यूकचा कारभारी. न्हाव्याला द्यायला पैसे नाहीत म्हणून त्या दुएन्या चिकट पट्ट्या लावून ओढतात, गाल दगडी खलाच्या तळासारखे गुळगुळीत. घ्या तुमचा भारदस्तपणा.

बोरकूट :
"दाढीवाल्या बाया." वाचा मोठ्याने. जमतंय की नाही?

खडीसाखर :
एकतिसाव्यात जमेल. पण 'दुःखी बाई' म्हटलं तर सरदारघरचा थाट जातो, तिथे गडबड आहे. शुक्रवारी प्रकरण द्यायचंय.

मोडीवाला :
तिरफळ, तुमचं वरचं 'आया' मला पटलेलं नाही. ते 'आई'चंच रूप असणार, कोकणात आईला 'आये' म्हणतातच.

तिरफळ :
हाक वेगळी आणि नोकरीतली आया वेगळी. पाव, साबण, चावी, बटाटा पोर्तुगीज म्हणून चालतात आणि आयाच तेवढी वेदातून यायला हवी? आणि तिला देता तो पगारही पोर्तुगीजच.

मोडीवाला :
बटाट्याचा इथे काय संबंध?