पायरी आणि कळ

एकाने विचारलंय, "अपंगत्व हे दुर्दैवच, त्यात तत्त्वज्ञान कसलं?" तत्त्वज्ञ एलिझाबेथ बार्न्स यांनी 'द मायनॉरिटी बॉडी' या पुस्तकात (२०१६) नेमकं हेच गृहीतक तपासलंय. त्यांच्या मते शारीरिक अपंगत्व म्हणजे निव्वळ वेगळेपण. तेवढ्याने आयुष्य वाईट ठरत नाही. एखाद्या बाबतीत तोटा होतो, हे त्या नाकारत नाहीत.

मला अर्धंच पटतं. माझा मावसभाऊ पोलिओमुळे कुबड्या घेतो. शहाद्याला जाताना त्याला पायापेक्षा एसटीची उंच पायरी जास्त छळते. इथे बार्न्सबाई बरोबर. पण आमच्या नंदुरबारकडे सिकलसेल आहे भो, आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. २०१६ च्याच दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तोही येतो. हाडं ठणकायला लागली की पोरगं रात्रभर कण्हतं. त्या कळेला कुठला रॅम्प बांधणार?

आणि २०२३ मध्ये सरकारने सिकलसेलसाठी मोहीम काढली तीही 'निर्मूलना'ची, २०४७ पर्यंत. निर्मूलन आजाराचं, की अशा मुलांच्या जन्माचं? लग्नाआधी मुलामुलीची सिकलसेल तपासणीची कार्डं जुळवायला सांगतात तेव्हा ही रेघ पुसट होते. तत्त्वज्ञान लागतं ते इथे. मी मात्र आधी विचारेन, धडगावच्या पाड्यावर सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या वेळेवर पोचतात का?