मदत हवी आहे : इलेक्ट्रोलेस निकेलचा थर न तापवता सीलखालची झीज कशी थांबवावी?

नमस्कार. एका पंपाच्या शाफ्टवर आम्ही इलेक्ट्रोलेस निकेलचा २५ मायक्रॉनचा थर देतो. शाफ्टच्या टोकाला आंधळे (आरपार न जाणारे) भोक असून मध्यावर कीवे (चावी बसवायची खाच) आहे. विजेच्या प्लेटिंगमध्ये कडांवर थर फुगतो आणि भोकाच्या तळाशी जेमतेम पोचतो. इलेक्ट्रोलेस पद्धत विजेशिवाय, रासायनिक क्रियेने चालणारी असल्यामुळे थर सगळीकडे सारखा बसतो, म्हणून तिची निवड केली. व्यास ५० मायक्रॉनने वाढतो हे धरून ग्राइंडिंग तेवढे कमी मापाला ठेवतो.

पाण्याशी संबंध असल्याने थरात फॉस्फरस १० टक्क्यांहून जास्त आहे आणि गंजाबद्दल तक्रार अजिबात नाही. तक्रार आहे ती ऑइल सीलच्या ओठाखाली पडणाऱ्या चरीची. शाफ्ट पुसून त्यावर नख फिरवले, तर ते तिथे स्पष्ट अडकते. थराची कठीणता साधारण ५०० विकर्स (कठीणता मोजण्याचे एकक) भरते, म्हणजे खालच्या कठीण केलेल्या पोलादापेक्षाही थरच मऊ, हे माझ्या उशिराच लक्षात आले.

प्लेटिंगवाल्यांचे म्हणणे असे की ४०० अंश सेल्सियसला तासभर तापवले, की निकेल फॉस्फाइडचे कण तयार होऊन कठीणता ९०० च्या आसपास जाते. ते मला मान्य आहे, पण त्याच वेळी काचेसारखी अस्फटिक रचना मोडते, थर आकसून त्याला बारीक भेगा जाऊ शकतात, आणि निकेल पोलादापेक्षा कमी क्रियाशील असल्याने भेगेतून पाणी शिरले तर गंज नेमका पोलादालाच खड्डे पाडतो. (थर चुंबकीय होतो म्हणतात, त्याची चिंता नाही, शाफ्टच पोलादाचा आहे.) शिवाय शाफ्टचे टेंपरिंग (कठीण केल्यावर ठिसूळपणा घालवण्यासाठीचे तापवणे) २२० अंशांना झालेले असल्याने ४०० अंशांना गाभाच मऊ पडेल. प्लेटिंगच्या वेळी पोलादात शिरलेला हायड्रोजन काढण्यासाठीचे बेकिंगसुद्धा आम्ही त्याच कारणाने १९० अंशांवर थांबवतो.

ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांना विचारायचे आहे : खाली जास्त फॉस्फरसचा आणि वर २ ते ५ टक्के फॉस्फरसचा, न तापवताही बराच कठीण असणारा, असे दोन थर दिल्यास ते एकमेकांना नीट धरून राहतात का? दोन बाथमधल्या (प्लेटिंगच्या द्रावणांमधल्या) धुण्यात पृष्ठभाग निष्क्रिय होऊन वरचा थर सुटू नये म्हणून आपण काय करता? की सीलच्या जागी वेगळी बाही (स्लीव्ह) बसवून थराला फक्त गंजरोधनाचेच काम ठेवावे?