एअर फ्रायरमध्ये स्कोन वरून करपतात, आत कच्चे राहतात, काय चुकतंय?

टेमरकाठची: आम्ही इंग्लंडात डेव्हन परगण्यात, प्लायमाऊथला भाड्याच्या घरात राहतो, ओव्हन महिनाभर बंद पडलाय आणि पुढच्या शनिवारी सांगलीहून आईबाबा येतायत, डेव्हनात येऊन त्यांना घरचे गरम स्कोन (इथले क्रीम-जॅम लावून खायचे छोटे गोडसर पाव) मिळाले नाहीत तर मला फार वाईट वाटेल. एअर फ्रायर आहे ४ लिटरचा. २२५ ग्रॅम सेल्फ रेझिंग फ्लोअर (बेकिंग पावडर आधीच मिसळलेला मैदा), ५५ ग्रॅम बटर, २५ ग्रॅम साखर, १५० मिली दूध, अंडं नाही कारण आई खात नाही. ओव्हनच्या रेसिपीत २२० लिहिलंय, माझ्या मशीनमध्ये २०० च्या वर जात नाही म्हणून २०० वर १२ मिनिटं ठेवले. वरून काळपट, मोडला की मधलं पीठ बोटाला चिकटतंय, आणि सगळे एका बाजूला कललेले. दोनदा असंच झालं. कोणी करतं का नेहमी?

नाशिकची मावशी: अगं २०० फार होतं. कॉइल अगदी डोक्यावर असते आणि पंखा गरम हवा सतत वरच मारतो, त्यामुळे आत उष्णता पोचायच्या आधी वरचं कवच होऊन जातं. १८० ठेव, आधी ३-४ मिनिटं रिकामं तापव, मग १०-१२ मिनिटं. शेवटची २ मिनिटं उलटे करून ठेव, बूड पांढरं राहत नाही. एका वेळी चारच, मध्ये बोटभर जागा सोडून.

आणि बटर कसं घातलंस? आपण शंकरपाळ्यांना कडकडीत मोहन घालतो ना, इथे बरोबर उलटं, बटर फ्रीजमधलं गार हवं. मी किसणीवर किसते आणि बोटांच्या टोकांनी चोळते, तळहात लावत नाही, तळहात गरम असतो. रव्यासारखं दिसलं की थांबायचं. मग दूध घालून सुरीनेच कालवायचं, पोळीच्या कणकेसारखं मळलंस तर चिवट होणार. मी इथे साधा मैदा घेते, २२५ ग्रॅमला ३ छोटे चमचे बेकिंग पावडर, तुझ्या पिठात ती आधीच असते, वर सोडा वगैरे काही घालू नकोस.

लीड्सकर: मावशींनी सगळं सांगितलंच आहे, फक्त कलण्याबद्दल. कटर दाबल्यावर फिरवता का? फिरवलं की कड चेपून बंद होते आणि स्कोन एकीकडूनच फुगतो. कटर पिठात बुडवायचा, सरळ खाली दाबायचा, सरळ उचलायचा. दूध फक्त वरच्या बाजूला लावा, कडेने ओघळलं तरी तोच प्रकार होतो. जाडी अडीच सेंटीमीटर तरी ठेवा. बटर पेपर घालणार असाल तर स्कोन ठेवतानाच घाला, रिकामं तापवताना आत कागद असेल तर उडून कॉइलला चिकटतो आणि जळतो.

टेमरकाठची: मावशी, लीड्सकर, आत्ताच केले!! १८० वर ११ मिनिटं, उलटे करून २. कटर फिरवतच होते मी, तेच कारण. आता सरळ उभे फुगलेत आणि मधोमध आपोआप भेग पडलीय, हातानेच दोन भाग होतात, सुरी लागतच नाही. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, क्लॉटेड क्रीम बघून ती लगेच म्हणाली अगं ही तर म्हशीच्या दुधाची साय, आणि खरंच तसंच दिसतं, वर पिवळसर पापुद्रा असतो. इथे डेव्हनात आधी क्रीम आणि वर जॅम लावतात, नदीपलीकडे कॉर्नवॉलला आधी जॅम. शनिवारी दोन्ही करून देणार आहे.

एकच विचारायचंय, कापलेले कच्चे स्कोन आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवले तर चालतील का? सकाळी एअरपोर्टला जायचंय.

नाशिकची मावशी: चालतील, ताटात सुटे सुटे ठेव आणि न वितळवता तसेच लाव, १७० वर १५ मिनिटं धर. पहिला एक फोडून बघ, मगच बाकीचे काढ.