पवनचक्कीसुद्धा सूर्याचीच
कुणीतरी लिहिलंय की पावसाळ्यात छतावरचं सोलर झोपतं, त्यामुळे सूर्याशी संबंध नसलेली पवनऊर्जाच खरी. संबंध नाही कसा? उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर उठते आणि तिची जागा घ्यायला अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येचा वारा धावत येतो. इंदूरजवळच्या देवासच्या टेकडीवरच्या पवनचक्क्या जून-जुलैत गरगरतात त्या याच वाऱ्यावर. म्हणजे ढग आणणारा आणि पाती फिरवणारा एकच!

नर्मदेचंही तेच. समुद्राच्या पाण्याची वाफ करून ते नर्मदेच्या उगमापर्यंत, अमरकंटकपर्यंत चढवतो सूर्य. आपण इंदिरासागर धरणावर ते खाली येताना गाठतो आणि १००० मेगावॉटची जनित्रं फिरवतो. (गंमत म्हणजे इंदूरला प्यायला तेच पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून पंपांनी पुन्हा वर चढवावं लागतं, आणि ते वीजबिल महापालिकेला चांगलंच झोंबतं. म्हणून तर २०२३ मध्ये ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे, काढून जलूदच्या ६० मेगावॉट सोलरसाठी पैसा उभा केला.) इंदूरच्या देवगुराडियाचा, ओल्या कचऱ्यापासून बनणारा बायो-सीएनजी? भाजीच्या सालींत अडकलेलं ऊनच ते.

अपवाद हवाच असेल तर भूऔष्णिक घ्या, ती पृथ्वीच्या पोटातली उष्णता. भरती-ओहोटीतही मोठा वाटा चंद्राचा. सूर्याचा त्याच्या निम्म्याहून कमी.